भीमगीताला कंपनी नव्हती, पण नाव होते

‘इंडी म्युझिक’ हा शब्द सध्या फार चलनात आहे. कुठल्याही कंपनीशी करार न केलेला, स्वतःच गाणे लिहिणारा, स्वतःच रेकॉर्ड करणारा आणि स्वतःच लोकांपर्यंत पोहोचवणारा कलाकार म्हणजे इंडी, म्हणजेच स्वतंत्र कलाकार. अशा कलाकारांच्या नव्या गाण्यांच्या याद्या छापल्या जातात, मुलाखती होतात, महोत्सव भरतात. आणि या सगळ्याचा इतिहास सांगायची वेळ आली की सुरुवात होते ती महानगरांतल्या कॉलेजांमधील इंग्रजी बँडपासून. जणू त्याआधी या देशात कंपनीशिवाय कुणी गातच नव्हते!

आम्हाला या इतिहासावर आक्षेप आहे. दर एप्रिलमध्ये कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, शहाड, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात नवी भीमगीते येतात. कुणी दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला गादी लावून मोबाइलवर रेकॉर्ड करतो, कुणी तासावर भाड्याने मिळणाऱ्या छोट्या स्टुडिओत चार मित्रांच्या वर्गणीतून ट्रॅक बनवतो. कुणी पोवाडा म्हणतो, कुणी कव्वाली, कुणी रॅप. यांतल्या बहुतेकांच्या मागे कुठलीही कंपनी नसते. व्याख्येप्रमाणे पाहिले तर हेच खरे स्वतंत्र कलाकार. पण ‘या महिन्याची नवी स्वतंत्र गाणी’ या यादीत त्यांचे नाव दिसत नाही. त्यांची गाणी ‘जयंतीची गाणी’ म्हणून बाजूला काढली जातात. प्रेमभंगावर गिटार वाजवली तर ती कला, आणि महाडच्या तळ्यावर ढोलकी वाजवली तर तो कार्यक्रम!

या लेखात आम्हाला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली अशी की महाराष्ट्रात कंपनीशिवायच्या संगीताची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचे मोठे वारसदार आपण आहोत. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. या शंभर वर्षांत चळवळ कंपनीशिवाय गायला शिकली, पण गाणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव व भाकरी सांभाळण्याची व्यवस्था तिने उभी केली नाही. आज गाणे मोबाइलवर आले आहे, तेव्हा हा जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा समोर उभा आहे.

जलसा : पहिली स्वतंत्र निर्मिती

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यांच्यामागे या समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेला तो सत्यशोधकी जलशांनी. ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव आरंभीच्या जलसाकारांत घेतले जाते. जलसाकारांनी काय केले? लोकांच्या ओळखीचा तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग असे. सत्यशोधकांनी गणातले देवस्तवन बदलले, गवळणीतली छेडछाड काढली आणि त्या जागी भटशाहीची चिकित्सा, सावकाराचा हिशेब, मुलींचे शिक्षण आणले. ढोलकी तीच, पण बोल वेगळे.

आंबेडकरी जलसा याच वाटेने आला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. या काळात नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसा घेऊन गावोगाव फिरले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांना मंदिर सत्याग्रह काय आहे, पुणे करारात काय घडले, हे जलशातून कळले. बाबासाहेबांच्या दहा सभांइतके काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितले जातात.

या जलशाला निर्माता कोण होता? वस्ती. कंदील वस्तीचा, जागा वस्तीची, भाकरी वस्तीची. कुणी तिकीट काढत नसे, आणि कुठल्या शेटजीची परवानगीही लागत नसे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. दुसऱ्याच्या माध्यमात आपल्याला जागा नाही, म्हणून माध्यमच आपले हवे, हा धडा तिथला आहे. ‘मूकनायक’ कागदावर होते आणि जलसा मैदानावर. दोन्हींचे सूत्र एकच होते : आपले बोलणे आपल्या हातात.

कल्याण जंक्शन

आता कोणी विचारेल, यात कल्याणचा काय संबंध? संबंध रुळांचा आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला आली. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसारा घाटातून नाशिक, मनमाड, खानदेश, विदर्भाकडे जातो. दुसरा कर्जत, बोरघाट ओलांडून पुणे आणि सोलापूरकडे जातो. महाराष्ट्रातल्या दुष्काळी जिल्ह्यांतून निघालेला भूमिहीन माणूस यांपैकी कुठल्याही वाटेने मुंबईकडे निघाला तरी कल्याण त्याच्या वाटेवर होते. मुंबईतली खोली परवडली नाही की तो इथेच उतरला. रेल्वेची कामे, अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, उल्हासनगरचे लहानमोठे कारखाने यांनी त्याला काम दिले.

माणूस येताना आपली चाल घेऊन आला. सोलापूरकडचा भारूड घेऊन आला, नाशिककडचा जलसा घेऊन आला, मराठवाड्यातली बाई ओवी घेऊन आली. मुंबईच्या गिरणगावातून कव्वालीचा सामना इथे पोहोचला. दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसवायच्या, रात्रभर सवाल-जबाब चालवायचे, असा तो प्रकार. एवढ्या चाली एकाच वस्तीत एकत्र आल्या की तिथे गायक घडणारच.

म्हणूनच मूळचे मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे यांचे कुटुंब कल्याणचे म्हणून ओळखले जाते, यात नवल नाही. प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या पार्टीत कोरस म्हणत वर आले. पुढे त्यांच्या आवाजातला विठ्ठल महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. ज्या घरांनी त्यांच्या आवाजात पंढरीची वाट ऐकली, त्यांतल्या किती घरांनी त्याच आवाजातला भीम ऐकला? आवाज एकच, गळा एकच. पण एका गाण्यासाठी दार उघडे आणि दुसऱ्यासाठी बंद. जात गळ्याला अडवू शकली नाही, तिने गाण्याला अडवले. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. त्यांचे पुत्र आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे, आणि आनंद शिंदेंचे पुत्र आदर्श शिंदे, अशा तीन पिढ्या या घराने गायल्या. पण या एका घराभोवती शेकडो गायक, कवी, ढोलकीवाले, झीलकरी होते आणि आहेत. त्यांची नोंद कुठे आहे?

चोपडी आणि नाममुद्रा

त्या नोंदीचा एक मार्ग आपल्या कवींनी स्वतःच शोधला होता. त्यासाठी वामनदादांकडे जावे लागेल.

वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत कष्टाची कामे केली आणि लिहायला-वाचायला मोठेपणी शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, आणि ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. पुढे हजारो गाणी झाली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ असे संग्रह निघाले. पण वामनदादा जास्त पोहोचले ते त्यांच्या मुक्कामांतून आणि चोपड्यांतून. चार आण्याची, आठ आण्याची ती पातळ चोपडी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर अशा चोपड्यांचे ढीग लागत. मुखडा, कडवी आणि वर ‘चाल : अमुक’ अशी एक ओळ. चाल सगळ्यांना ठाऊक असे, त्यामुळे स्वरलिपीची गरज नव्हती. चोपडी घरी नेली की त्याच रात्री ते गाणे वस्तीत सुरू होई.

आणि शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफत असे. संतांनी अभंगात केले तेच आपल्या शाहिरांनी केले. याला नाममुद्रा म्हणतात. ही नुसती हौस नाही. ज्याच्याकडे वकील नाही, नोंदणीचे कार्यालय नाही, करार नाही, त्याने आपल्या गाण्यावर केलेली ती सही आहे. कागद फाटेल, चोपडी हरवेल, पण जोवर गाणे म्हटले जाईल तोवर नावही म्हटले जाईल. बायकांच्या ओव्यांमध्येही बाई माहेरचे, लेकाचे, बाबासाहेबांचे नाव गुंफते. कंपनीने ज्यांना कधी करारावर सही करायला बोलावले नाही, त्यांनी गाण्यातच सही केली. कंपनी नव्हती, पण नाव होते.

पेटी, रेडिओ आणि कॅसेट

मग हे नाव गेले कुठे? ते समजण्यासाठी रेडिओ आणि कॅसेटचा काळ पाहावा लागेल.

आपल्या गायन पार्टीचा कणा म्हणजे पेटी. ही पेटी परकी आहे, आपल्या संगीताला शोभत नाही, असे ठरवून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती काही अंशी उठली १९७१ साली. तीन दशके सरकारी रेडिओवर जे वाद्य चालत नव्हते, तेच वाद्य घेऊन वस्तीतला कवी रात्रभर गात होता. शुद्ध संगीत कोणते हे ठरवणारे लोक कोण होते आणि त्यांच्या कानाला काय सवयीचे होते, याचा विचार प्रत्येकाने करावा. दुसरे दार होते रेकॉर्ड कंपनीचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचेच राज्य होते. तबकडी महाग, ती वाजवायचे यंत्र त्याहून महाग.

हे दार कॅसेटने फोडले. टेपरेकॉर्डर आखातात कामाला गेलेल्या माणसांबरोबर आले, मग इथेच स्वस्त झाले. १९८३ साली गुलशन कुमार यांची टी-सिरीज सुरू झाली. व्हीनससारख्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागे अक्षरशः गल्लीबोळांतल्या लहान कंपन्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा अभ्यास मांडला आहे. महाराष्ट्रातही तेच झाले. आनंद-मिलिंद शिंदे यांची लोकगीते घराघरांत वाजली. १९९० साली बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, त्याच सुमारास जन्मशताब्दी आली, पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. या वर्षांत भीमगीतांच्या कॅसेटना मागणी आली. रिक्षात, चहाच्या टपरीवर, जयंतीच्या मंडपात भीमगीत मोठ्या आवाजात वाजू लागले. कॅसेटचे हे उपकार नाकारायचे कारण नाही.

पण कॅसेटने एक गोष्ट हिरावून घेतली. चोपडीत कवी मालक होता, कॅसेटमध्ये कंपनी मालक झाली. रिवाज असा पडला की गायकाला, कवीला एकरकमी पैसे द्यायचे आणि विषय संपवायचा. कॅसेट शंभर विकली काय आणि लाख विकली काय, कवीच्या हातात तेवढेच. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, आणि कवीचे नाव आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात. कधी तेही नाही. गाणे लांबले की शेवटचे कडवे कापले जाई. आणि शेवटच्या कडव्यात काय असे? नाममुद्रा! कात्री गाण्याला लागली असे वाटले, प्रत्यक्षात ती सहीला लागली. आज समाजमाध्यमांवर फिरणारी कितीतरी जुनी भीमगीते ‘पारंपरिक’ म्हणून दिली जातात. ती पारंपरिक नाहीत. ती कुणीतरी लिहिली आहेत, बहुतेक वेळा उपाशीपोटी लिहिली आहेत.

स्वतंत्र असण्याची किंमत

कंपनीच्या बाहेर राहून गाणाऱ्यांना दुसरीही किंमत मोजावी लागली. ठाण्याच्या अलीकडे मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. त्यानंतर चारच दिवसांत विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे गाणे आज आपल्यापर्यंत पोहोचते ते एका स्वतंत्र चित्रपटकाराने ते जपले म्हणून. त्याच पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ साली आला, आणि त्यात कितीतरी वस्त्यांतले गायक दिसतात, जे कुठल्याच कंपनीच्या यादीत नाहीत.

पुण्याच्या कबीर कला मंचाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २००२ साली उभ्या राहिलेल्या या मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनाबाहेर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला २०१७ उजाडले. गोरखे आणि गायचोर यांना २०२० साली पुन्हा अटक झाली.

आणि आपल्या दारातलेच उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणाने सत्तांतरावर बोट ठेवणारे रॅप समाजमाध्यमांवर टाकले. गुन्हा कुठे नोंदवला गेला? अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात. मोठ्या कंपनीच्या कलाकारामागे वकिलांची फौज असते. एकट्या पोराच्या मागे कोण असते? त्याची आई, दोन मित्र आणि मोबाइलची बॅटरी. म्हणून स्वतंत्र कलाकार म्हणजे एकटा कलाकार, असा अर्थ आपल्याला परवडणारा नाही. जलसाकार स्वतंत्र होते, एकटे नव्हते. त्यांच्यामागे वस्ती होती.

मोबाइलच्या काळातले मालक

आता आजच्याकडे येऊ. आज गाणे प्रसिद्ध करायला कंपनी लागत नाही. वर्षाला ठरावीक फी घेणाऱ्या वितरण सेवा आहेत, त्या आपले गाणे सगळ्या ॲपवर चढवतात. यूट्यूबवर तर तेही लागत नाही. मग आपण मालक झालो का? जरा हिशेब करू.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर चॅनेलला किमान १,००० सदस्य हवेत आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे हवे. पाच मिनिटांचे गाणे असेल तर ते ४८,००० वेळा शेवटपर्यंत पाहिले गेले पाहिजे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे मानधन मिळणार नाही. मोठ्या कंपनीला हे आकडे म्हणजे काहीच नाही. पण कोळसेवाडीतल्या मुलाचे गाणे ९०० वेळा वाजले तर त्याच्या हाती शून्य. त्याचे ते पैसे इतरांच्या वाट्याला जातात.

दुसरा फटका चालीचा. आपली परंपराच ‘चाल : अमुक चित्रपटगीत’ अशी आहे. वामनदादांनी पहिले गाणे असेच केले. चोपडीत हे सहज चालले, कारण चोपडीत चाल छापलेली नसे, फक्त तिचे नाव असे. यूट्यूबवर मात्र यंत्र गाणे ऐकते. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. ती सिनेमाची चाल किंवा ट्रॅक ओळखते आणि त्या गाण्याची कमाई चालीच्या मालकाकडे वळवू शकते, कधी गाणेच बंद पडते. गंमत पाहा, टी-सिरीज मोठी झाली ती जुन्या चित्रपटगीतांच्या पुन्हा गाऊन काढलेल्या आवृत्त्या विकून, आणि तेही कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन. ज्यांनी दुसऱ्यांच्या चालींवर साम्राज्य उभे केले, ते आज चालीचे सर्वांत मोठे राखणदार आहेत. आणि शब्द आपले, बाबासाहेब आपले, ऐकणारे आपले, तरी पैसे त्यांचे!

यावर उपाय आपल्याच घरात आहे. जात्यावरच्या ओवीची चाल, पोवाड्याची चाल, भारुडाची, वाघ्या-मुरळीची चाल कुठल्या कंपनीची नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या, भीम-रमाईवरच्या ओव्या आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या ओव्या आहेत. ‘पारी’ने हा साठा लोकांसमोर आणताना प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिले. निरक्षर बाईच्या ओवीला नाव मिळू शकते, तर मग आपल्या जयंतीच्या गाण्याला का नाही?

तमिळनाडूकडेही पाहा. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ पहिल्यांदा मंचावर आले. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने आणि संगीतकार तेन्मा यांनी ते उभे केले. नाव घेतले अयोथी दास यांच्या विचारातून. मृत्यूच्या मिरवणुकीत वाजणारा गाना आणि परई यांना त्यांनी रॅप आणि रॉकच्या शेजारी बसवले. प्रतिभा आपल्याकडेही आहे. त्यांच्याकडे जास्त काय होते? संस्था. सराव करायला जागा, वाद्ये, आणि कलाकाराच्या पाठीशी उभे राहणारे लोक.

‘चळवळीत पैसे मागता?’

इथे एक आक्षेप हमखास येतो. गाणे चळवळीचे आहे, बाबासाहेबांच्या नावावर पैसे कसे मागायचे? हक्काची भाषा ही बाजाराची भाषा नाही का? गाणे सगळ्यांनी गावे यासाठीच तर आहे!

या आक्षेपात अर्धे सत्य आहे. भीमगीताला कुलूप लावायचे नाही. वस्तीतल्या पोराने ते गावे, शाळेत म्हणावे, मोर्चात म्हणावे, त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. पण या आक्षेपाची दुसरी बाजू पाहा. जयंतीच्या मंडपाचे भाडे चळवळ म्हणून कमी होते का? डीजेवाला, जनरेटरवाला, फ्लेक्सवाला रोख घेतो, आणि त्यात कुणाला बाजार दिसत नाही. बाजार दिसतो तो फक्त कवीने बिदागी मागितली की. म्हणजे त्याग करायचा तो फक्त शाहिराने! ज्या समाजाला शतकानुशतके विनामोबदला राबवले गेले, वेठबिगारी आणि महारकी ज्याच्या माथी मारली गेली, त्या समाजाने आपल्याच कलावंताकडून फुकट काम घ्यावे, यात आंबेडकरी काय आहे? बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला तो याच तत्त्वासाठी : कामाचा मोबदला हा उपकार नाही, हक्क आहे.

आणि कायदा आज आपल्या बाजूला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायदा बदलला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला समान वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही. करार लेखी असलाच पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे धरले जाते. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

आता करायचे काय

कल्याणच्या आणि आजूबाजूच्या तरुणांपुढे आम्ही ही कामे ठेवतो.

पहिले, नाव. गाणे टाकताना कवी, संगीतकार, गायक, ढोलकी, पेटी, रेकॉर्डिंग करणारा, गाव आणि तारीख लिहा. दुसऱ्याचे गाणे गाताना शेवटचे कडवे कापू नका. रॅप करणाऱ्यांनीही नाममुद्रा घालावी. आपलीच जुनी पद्धत आहे ती.

दुसरे, कागद. मित्रांमध्येही एका पानाचा करार करा. कोणाचा किती वाटा, किती वर्षांसाठी. स्वतः लिहिणाऱ्या आणि चाल बांधणाऱ्यांनी आयपीआरएसचे सदस्य व्हावे. ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांसाठी आहे, फक्त सिनेमावाल्यांसाठी नाही.

तिसरे, बिदागी. प्रत्येक जयंती मंडळाने हिशेबाच्या वहीत शाहिराची ओळ वेगळी ठेवावी आणि डीजेच्या आधी ती भरावी.

चौथे, जपणूक. घराघरांत जुन्या कॅसेट आणि चोपड्या पडून आहेत. पावसाळ्याच्या ओलीत त्या खराब होत आहेत. प्रत्येक बुद्ध विहाराने एक कपाट त्यासाठी द्यावे, एका मुलाने त्या मोबाइलवर उतरवून घ्याव्यात आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून कवीचे नाव वहीत लिहावे. ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी तीन दारे ठोठवा.

पाचवे, यादी. दुसरे आपल्याला यादीत घेत नाहीत म्हणून रडत बसायचे नाही. दर वर्षी १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात या पट्ट्यातून आलेल्या प्रत्येक नव्या गाण्याची यादी आपणच करू आणि विहाराच्या फळ्यावर लावू. पन्नास वर्षांनी कुणी इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला ‘अज्ञात’ हा शब्द वापरावा लागू नये.

‘मूकनायक’ या नावातच सारे आहे. मुक्यांना आवाज मिळाला, त्याला शतक उलटून गेले. आता त्या आवाजाला त्याचे नाव मिळाले पाहिजे.

जय भीम!